मरम् की चेडी?

मराठीत आपण वडालाही झाड म्हणतो आणि गुलाबालाही. जास्वंदीचं झाड, मोगऱ्याचं झाड, आंब्याचं झाड, सगळं एकाच शब्दात उरकतं. ‘झुडूप’ हा शब्द आपल्याकडे आहे, पण तो शाळेच्या पुस्तकात जास्त आणि तोंडात कमी. तमिळ माणसाचं तसं नाही. त्याच्याकडे ‘मरम्’ वेगळं आणि ‘चेडी’ वेगळी. एकाच्या जागी दुसरा शब्द वापरलात तर तो हसून तुम्हाला दुरुस्त करतो.

निलगिरीत वेलिंग्टनला पोस्टिंग आली आणि इतर जबाबदाऱ्यांबरोबर बॅरकीसमोरच्या उताराची बागही माझ्याकडे आली. फौजेत बाग कुणाकडे तरी ‘येते’, कुणी मागून घेत नाही. उतारावर जुनी पिवळ्या फुलांची काटेरी झुडपं माजली होती. ती काढून तिथे काहीतरी शोभेचं लावायचं, एवढाच हुकूम. माळीकाकांनी पहिल्याच दिवशी विचारलं, “सार, मरमा, चेडिया?” म्हणजे वृक्ष लावायचे की झुडपं? प्रश्न चार शब्दांचा, पण तो इथे दोनशे वर्षांपासून विचारला जातोय, आणि त्याची बरीचशी उत्तरं आमच्यासारख्या वर्दीवाल्यांनीच दिलेली आहेत. काही चांगली, काही अशी की त्यांची किंमत हा डोंगर अजून मोजतो आहे.

या प्रश्नाचा एक धागा मला थंडीत नाही तर कावेरीकाठच्या उकाड्यात सापडला. आमच्या सुभेदार साहेबांचं गाव कुंभकोणमच्या नैऋत्येला, पट्टीश्वरम् जवळ. सुट्टीत त्यांच्या घरी दोन दिवस राहिलो. पट्टीश्वरम् म्हणजे धेनुपुरीश्वराचं देऊळ. कामधेनूची कन्या पट्टी हिने इथे शिवाची पूजा केली, म्हणून हे नाव. इथला नंदी देवासमोर सरळ रेषेत नाही, जरा बाजूला सरकलेला आहे. बालसंत संबंधर उन्हातून चालत येत होते, शिवाने त्यांच्यासाठी मोत्यांचा मांडव धाडला, आणि तो मांडवाखालून येणारा मुलगा आपल्याला दिसावा म्हणून नंदीला बाजूला व्हायला सांगितलं, अशी कथा. सीनियर माणसाने ज्युनियरसाठी रस्ता मोकळा करायला लावला, हे फौजी माणसाला फार आवडतं.

पण मला जास्त रमवलं ते आजूबाजूच्या गावांच्या नावांनी. आरियपडैयूर, पंबैपडैयूर, मणपडैयूर, पुदुपडैयूर. ‘पडै’ म्हणजे सैन्य. शेजारचं पळैयारै हे चोळांचं राजवाड्याचं नगर, आणि ही चार गावं म्हणजे त्याच्या भोवतीच्या लष्करी छावण्या. पुदु म्हणजे नवं, तेव्हा पुदुपडैयूरला आजच्या भाषेत न्यू कॅन्ट म्हणायला हरकत नाही. पट्टीश्वरम् ची प्रसिद्ध दुर्गा ही मूळची चोळांच्या किल्ल्याच्या वेशीवरची देवी, मोहिमेवर निघताना तिचं दर्शन घेऊन जात, असं इथे परंपरेने सांगतात. आज तिथे राहुकाळात लिंबाचे दिवे लावायला बायकांची रांग असते. छावण्या गेल्या, भातशेती आली, नावं मात्र ड्यूटीवर आहेत.

या देवळाचा स्थलवृक्ष वन्नी. वन्नी म्हणजे आपली शमी. पांडवांनी शस्त्रं लपवली ती शमी, दसऱ्याला आपण जिची पूजा करतो ती. तमिळ मुलखात बहुतेक जुन्या देवळाला स्वतःचा असा एक वृक्ष असतो. चिदंबरमला तिल्लै, कांचीच्या एकांबरेश्वराला आंबा, तिरुवानैक्कावलला जांभूळ. कुंभकोणम जवळच्या तिरुविडैमरुदूर गावाच्या तर नावातच मरुदम्, म्हणजे अर्जुन वृक्ष आहे. संस्कृतात त्या क्षेत्राला मध्यार्जुन म्हणतात. गंमत अशी, की यातला एकही वृक्ष फुलांच्या शोभेसाठी निवडलेला नाही. वृक्ष इथे जागेची ओळख आहे. देवाला रोज लागणारी फुलं येतात ती नंदवनातून, आणि नंदवन म्हणजे बहुतेक सगळी चेडी: अरळी म्हणजे कण्हेर, सेंबरुत्ती म्हणजे जास्वंद, नंदियावट्टै म्हणजे तगर, शिवाय मोगरा-जाईच्या वेली.

सुभेदार साहेबांचे वडील पूर्वी देवळासाठी फुलं तोडायला जात. त्यांना मी विचारलं, “अप्पा, फुलांचे एवढे सुंदर वृक्ष असताना झुडपंच का?” त्यांनी हात खांद्यापर्यंत उचलून दाखवला. फूल हाताच्या उंचीवर हवं, रोज हवं आणि जमिनीला लागायच्या आत तोडलेलं हवं. वृक्षाचं फूल वर्षातून एकदाच येतं, ते उंचावर असतं आणि हाती येतं ते जमिनीवर पडल्यावर. पडलेलं फूल देवाला चालत नाही. याला आपल्याकडेही अपवाद ठाऊक आहे, प्राजक्ताचा. बाकी नियम तोच. वृक्ष एकदा लावायचा आणि पिढ्यांनी सांभाळायचा. झुडूप रोजच्या वापराचं.

त्यातही एक परदेशी पाहुणा आत शिरला आहे. नागलिंगम्, आपण ज्याला कैलासपती म्हणतो, तो वृक्ष मूळचा दक्षिण अमेरिकेचा. त्याच्या फुलात पिंडीवर नागाने फणा धरल्यासारखा आकार दिसतो. तेवढ्या एका कारणावरून शिवाच्या अंगणात त्याला कायमची जागा मिळाली. परका म्हणून कुणी हाकललं नाही. पण तो एकटा उभा असतो, लावलेल्या जागी राहतो, शेजारचं शेत गिळत नाही. हा फरक पुढे महत्त्वाचा आहे.

तमिळ लोकांनी ही निवड देवळांच्याही आधी केली होती, असं म्हणायला जागा आहे. संगम काळातल्या कवितेत भूमीचे पाच प्रकार आहेत आणि त्यांना वनस्पतींची नावं आहेत. डोंगराळ मुलूख कुरिंजी, रानाचा मुल्लै, शेतीचा मरुदम्, समुद्रकाठ नेय्दल, रखरखीत प्रदेश पालै. पट्टीश्वरम् ची भातशेती म्हणजे मरुदम्. हे कवितेतलं झाड काहींच्या मते अर्जुन, तर काहींच्या मते आपलं ताम्हण, महाराष्ट्राचं राज्यफूल. कसंही असलं तरी वृक्षच. आणि डोंगराची ओळख जी कुरिंजी, ते झुडूप आहे. सह्याद्रीत जी कारवी सात वर्षांनी फुलते तिचीच ही नातेवाईक, फक्त ही बारा वर्षं थांबते. २००६ साली फुलली, मग २०१८ साली. दोन-तीन वर्षांच्या पोस्टिंगवाल्याला ती दिसली तर नशीब. सखल भागाला वृक्ष आणि थंड उंचीला झुडूप, अशी वाटणी त्या कवींनी नुसती डोळ्यांनी पाहून केली.

ही वाटणी खरीच निसर्गाची आहे. सिक्कीममध्ये असताना गाडीने वर चढताना ती खिडकीतून दिसायची. खाली ऱ्होडोडेंड्रॉनचे चांगले दोन-तीन मजली वृक्ष. वर जाल तसे ते बुटके होत जातात, मग कमरेएवढी झुडपं, आणि ५,००० मीटरच्या वर त्याच कुळातली एक जात जमिनीला चिकटून घोट्याएवढी. वाऱ्यापासून आणि गोठण्यापासून वाचायचं तर मान खाली घालायची आणि बर्फाचं पांघरूण घ्यायचं. लेहला माणसाने लावलेली वाळुंजाची आणि पॉपलरची झाडं सरळ उभी दिसतात, पण ती पाण्याच्या पाटाला धरून; फुलांच्या मोसमात बहरतात ते जर्दाळू, तेही भिंतीच्या आडोशाने. मोकळ्या उतारावर फुलतो तो रानगुलाब, आणि तो झुडूपच.

या ऱ्होडोडेंड्रॉनची शास्त्राला ओळख करून देणारा माणूस आमच्याच पेशाचा होता. कॅप्टन थॉमस हार्डविक, बंगाल आर्टिलरी. १७९६ साली तो गढवालमधल्या श्रीनगरला गेला. त्या प्रवासाचं वर्णन १७९९ साली ‘एशियाटिक रिसर्चेस’ मध्ये छापून आलं आणि त्यात त्याने वाटेतल्या वनस्पतींची यादी दिली. लाल फुलांचा जो वृक्ष गढवाली माणूस बुरांस म्हणून पिढ्यानपिढ्या ओळखत होता आणि ज्याचं सरबत करून पीत होता, तो अशा रीतीने युरोपच्या पुस्तकात गेला. पुढे कलकत्त्याहून नॅथॅनियल वॉलिकने बी पाठवलं आणि १८२५ साली इंग्लंडमध्ये हा वृक्ष पहिल्यांदा फुलला. तोपर्यंत तिकडच्या बागांना ऱ्होडोडेंड्रॉन म्हणजे झुडूप एवढंच माहीत होतं. त्यानंतर जोसेफ हूकर १८४८ पासून सिक्कीममध्ये हिंडला आणि विलायतेतल्या श्रीमंतांना हिमालयाचं वेडच लागलं.

आपल्या लोकांनीही त्या काळात डोळे मिटले नव्हते. तंजावरचे सरफोजी राजे दुसरे १७९८ साली गादीवर आले आणि पुढच्याच वर्षी राज्यकारभार कंपनीच्या हाती गेला. उरला किल्ला आणि रिकामा वेळ. त्या वेळात या मराठी राजाने सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं, जगाचा भूगोल सांगणारं ‘देवेंद्र कुरवंजी’ हे मराठी नाटक लिहिलं आणि चित्रकारांकडून वनस्पती-प्राण्यांची चित्रं काढून घेतली. बेंजामिन टोरिन या रेसिडेंटाला त्यांनी दिलेला असा एक चित्रसंग्रह आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. जहांगीराने काश्मीरची फुलं उस्ताद मन्सूरकडून काढून घेतली होती, त्याच जातीचा हा शौक. जिंकायला मुलूख उरला नाही की राजे फुलांकडे वळतात, असं एक खवचट वाक्य मनात येतं. पण जहांगीर तर राज्य करत होता.

आता निलगिरी. कोईमतूरचा कलेक्टर जॉन सलिव्हन १८१९ साली वर आला आणि इथली हवा पाहून त्याने पहिला विचार केला तो आजारी गोऱ्या सैनिकांचा. उटीत त्याने स्टोनहाऊस बांधलं आणि विलायती झाडं आणून लावायला सुरुवात केली. वेलिंग्टनच्या जागेचं जुनं नाव जकतला. तिथे १८५२ साली बॅरकींचं काम सुरू झालं आणि १८६० पर्यंत ते पुरं झालं. आज मद्रास रेजिमेंटचं केंद्र आहे ते तिथेच. हजारो माणसं थंडीत राहायची म्हणजे सरपण लागणार. ते आलं इथल्या शोला जंगलातून. शोला म्हणजे डोंगराच्या घड्यांमध्ये दाटीने वाढणारं बुटक्या झाडांचं रान, भोवती गवताळ उतार. रान तुटायला लागल्यावर झटपट वाढणाऱ्या वृक्षांचा शोध सुरू झाला. १८४३ साली मद्रास इंजिनियर्सच्या कॅप्टन कॉटनने इथे युकॅलिप्टस लावला. ऑस्ट्रेलियाचेच वॅटलही त्याच सुमाराच्या काळात आले. युकॅलिप्टस या डोंगरात इतका माजला की मराठीत आपण त्या झाडालाच ‘निलगिरी’ म्हणू लागलो. लहानपणी सर्दी झाली की रुमालावर निलगिरीचे थेंब टाकायचे, तेव्हा कुणाला वाटलं होतं की निलगिरीत हे झाड परकं आहे?

शोभेच्या बागेचं खरं काम १८४८ पासून झालं. विल्यम ग्रॅहम मॅकआयव्हर हा क्यूच्या बागेत शिकलेला माळी त्या साली आला आणि डोड्डबेट्टाच्या उतारावरची दलदल-झुडपं साफ करून त्याने दहाएक वर्षांत उटीचं बोटॅनिकल गार्डन उभं केलं. सिंकोनाची लागवडही त्याचीच. दर मे महिन्यात फुलांचं प्रदर्शन भरतं ते तिथे. मॅकआयव्हरची रचना नीट पाहिली तर पट्टीश्वरम् च्या अप्पांचंच सूत्र दिसतं. मोठे वृक्ष मागे आणि कडेला, एकेकटे, नजर ठरावी म्हणून. चालण्याच्या वाटेजवळ, हाताच्या उंचीवर, झुडपं आणि वाफे.

बंगल्या-बंगल्यांत मात्र कुणी मॅकआयव्हर नव्हता. घरची आठवण येणाऱ्या गोऱ्या माणसांनी स्कॉटलंड-इंग्लंडच्या माळरानावरची दोन पिवळी झुडपं आणली, गॉर्स आणि ब्रूम. दिसायला सुरेख. थंडीला दाद देत नाहीत, पाणी मागत नाहीत, कुंपणाला उत्तम. नवशिक्या बागवानाला आणखी काय हवं? ती कुंपण ओलांडून गवताळ उतारावर गेली आणि तिथलीच झाली. गॉर्सचं बी मातीत दशकानुदशकं जिवंत राहतं. झुडूप जाळलं तर उलट जोमाने उगवतं. घाणेरीची गोष्टही हीच. टणटणी म्हणा, घाणेरी म्हणा, ती १८०९ च्या सुमारास कलकत्त्याच्या बागेत शोभेची म्हणून आली आणि आज देशातलं क्वचितच एखादं रान तिच्यापासून मोकळं असेल. तमिळनाडू सरकारने २०२२ साली अशा आक्रमक वनस्पतींसाठी वेगळं धोरण जाहीर केलं, त्यात या सगळ्या मंडळींचा हिशेब आहे. आमच्या उतारावरची पिवळी काटेरी झुडपं म्हणजे हाच गॉर्स. नागलिंगम् आणि गॉर्स दोघेही परके. एक लावल्या जागी राहिला, दुसरा राहिला नाही.

इथे एका जर्मन माळ्याचा उल्लेख हवा, कारण त्याला हिंदुस्थानात आणणारे मराठी होते. गुस्ताव क्रुम्बिगेल १८९३ साली सयाजीराव गायकवाडांच्या चाकरीत बडोद्याला आला आणि १९०८ साली म्हैसूर संस्थानात लालबागेवर गेला. बंगळुरूचे रस्ते वर्षभर कुठे ना कुठे फुललेले दिसतात, ती त्याची आखणी: एका जातीचा बहर ओसरला की दुसरीचा सुरू व्हावा असे वृक्ष निवडायचे. ही युक्ती थंड डोंगरावर वृक्षांनी जमत नाही. इथे फुलणाऱ्या वृक्षांची यादी छोटी, बहावा-गुलमोहराला ही थंडी मानवत नाही. वर्षभराचा रंग हवा तर मधल्या महिन्यांसाठी झुडपांकडेच यावं लागतं.

आता कामाचं. आमच्या इथे दोन पक्ष होते. एक झुडूपपक्ष: हायड्रेंजिया, अझेलिया, फुशिया लावा, सहा महिन्यांत रंग येईल, इन्स्पेक्शनला बाग दिसेल. दुसरा वृक्षपक्ष, त्यात मी आणि माळीकाका. झुडूपपक्षाचं म्हणणं वेडगळ नव्हतं. वृक्ष लावणाऱ्याला तो फुललेला बघायला मिळत नाही, आणि ज्याला दिसणार नाही त्यासाठी जवानांना खड्डे खणायला लावायचे, हे सांगणं सोपं नसतं.

शेवटी निकाल लागला तो हिमकणांवरून. महाबळेश्वरला वेण्णालेकजवळ दव गोठल्याच्या बातम्या आपण दर हिवाळ्यात वाचतो, तसंच इथे होतं. थंड हवा जड, ती रात्री पाण्यासारखी उतारावरून खाली वाहते आणि खोलगट जागेत साचते. तिथे लावलेल्या हायड्रेंजियाच्या फांदीवरच्या कळ्या करपतात आणि पुढच्या मोसमाची फुलं जातात. गोठलेल्या कळीवर सकाळचं पहिलं ऊन पडलं तर कॅमेलियाचंही तेच. म्हणजे झुडपांना आडोसा हवा. आडोसा देणार कोण? वृक्ष. पण उघड्या गवतात शोल्यातल्या बहुतेक झाडांची रोपं पहिल्याच कडाक्यात मरतात. तिथे एकटा उभा राहतो तो निलगिरीचा स्वतःचा ऱ्होडोडेंड्रॉन, हार्डविकच्या बुरांसाचा दक्षिणेतला भाऊ. जाड सालीचा, वाकडातिकडा, गवतात मध्येच छातीठोक. हिमालयापासून इतक्या दूर, मध्ये दोन हजार किलोमीटरचा उष्ण मुलूख सोडून, तो फक्त सह्याद्रीच्या दक्षिण टोकाच्या उंच डोंगरांवर सापडतो. हिवाळा सरता सरता लाल फुलतो. वाढतो मात्र अगदी सावकाश.

तेव्हा असं ठरलं. उताराच्या वरच्या अंगाला ऱ्होडोडेंड्रॉनची सहा रोपं, एकमेकांपासून आठ-आठ पावलांवर. मधल्या जागेत, खोलगट भाग सोडून, हायड्रेंजियाच्या कलमा. इथल्या आंबट मातीत त्या निळ्या फुलतात, आणि वृक्ष मोठे होईपर्यंत इन्स्पेक्शनची सोय होते. खालच्या खोलगटात काहीच नाही, गवत. कुरिंजीची थोडी रोपं माळीकाकांनी कडेला आपल्या मनाने लावली आहेत. कागदोपत्री ती नाहीत.

माझी बदली मार्चमध्ये अपेक्षित आहे. हँडिंग-टेकिंग ओव्हरच्या फाइलीत बागेसाठी पूर्वी एक ओळ असायची: झाडांची संख्या. आता पाऊण पान आहे. कुठलं रोप कुठे, कुणाला पाणी किती, हायड्रेंजियाची छाटणी थंडी संपल्याशिवाय करू नये, आणि शेवटी लाल शाईने: पिवळ्या काटेरी झुडपाची नवी रोपं दर पावसाळ्यानंतर मुळासकट उपटणे, जाळणे नाही, निदान पुढची तीस वर्षं.